राखीव लायसन

रत्नागिरीतल्या आमच्या डिझाइन ऑफिसात ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरची लायसन्स एक बाई सांभाळायच्या. माणसं बारा, लायसन्स आठ; म्हणजे एका वेळी आठ जणांनाच ड्रॉइंग उघडता यायचं. कोणी ड्रॉइंग उघडं टाकून चहाला निघाला की त्या चष्म्यावरून बघत म्हणायच्या, “ओ, बंद करून जावा हां. दुसरा खोळंबलाय.” आवाज चढायचा नाही, पण माणूस मुकाट्याने परत फिरायचा.

गेल्या वर्षी मुंबईहून नवे साहेब आले. लायसन्स पुरत नाहीत, जास्तीची परवडत नाहीत, तेव्हा गुहागरहून नुकतीच कामाला लागलेल्या मुलीला काढावं लागेल, असं त्यांनी मीटिंगमध्ये सांगितलं.

बाई म्हणाल्या, “साहेब, एक लायसन तुमच्यासाठी राखीव आहे. तुम्ही आल्यापासून ते एकदाही उघडलेलं नाय. आज सकाळी ते मी हिला दिलं.”

“कोणाला विचारून?”

“कोणाला नाय. तुम्हाला लागलं तर सांगा, तुमचापण नंबर लावते.”

मुलगी राहिली. बाईंची पगारवाढ मात्र त्या वर्षी अडली. मी चाचरत विषय काढला, तर म्हणाल्या, “अडली तर अडली. खोटं कारण देऊन पोरीला घरी पाठवायला मी नाय बसले इथे.”