कझाकस्तानातला गुलाल

माझा धाकटा कझाकस्तानात वेल्डर होता. आयटीआय करून इथं नांदूरघाटला ट्रॉल्या जोडायचा, मग बीडच्या एका एजंटानं त्याला आणि घाटनांदूरच्या त्याच्या दोस्ताला तिकडं तेलाच्या पाइपलाइनवर धाडलं. मला वाटलं दुबईकडंच असंल कुठंतरी. पोरानं फोनवर समजावलं, "आई, हितं तेल हाय, युरेनियम हाय, पण बाहेरच्या जगात जहाज नेता यील असा समुद्र न्हाई." मग बरोबर कळलं. आमच्याकडं आतल्या शेताला गाडीवाट नसली की किती का पिकंना, शेजारच्या बांधवाल्याची मर्जी राखावी लागते. त्या देशाचं तसंच. एका अंगानं रशिया, दुसऱ्या अंगानं चीन, आणि आता आपण बी मोठे झालो म्हणून लांबून हात पुढं करायलो.

तर एका दुपारी मी शेंगा फोडत टीव्हीपुढं बसलते. दोन्हीकडच्या मंत्र्यांनी करारावर सह्या केल्या, हात मिळवले, मागं झेंडे. आता आणखी तेल येणार, आपली आणखी माणसं जाणार. मी लगेच फोन लावला.

"आरं, जमलं की आपलं! टीव्हीवर दाखवायलेत."

"कळलं आई. पोरं खुश हायेत."

"मग गप कावून बसलाव? गुलाल उधळा की!"

आमच्या जिल्ह्यात सोसायटीची निवडणूक जिंकली तरी घरचा माणूस ओळखू येत नाही इतका गुलाल असतो. पोरांकडं गणपतीतला उरला होता. त्यांनी उधळला.

पोरं राहायची त्या कॅम्पच्या गेटाबाहेर काय चाललंय ते मला काय ठाऊक! तिथल्या गड्यांना कमी करून आमची पोरं भरलेली. त्यात त्यांचा एक माणूस आठ दिवसांपूर्वी कामावर जळून मेला होता. त्याचा फोटो मांडून ते सगळे गेटाबाहेर बसलते. माझ्या पोराला हे माहीत होतं, पण मी म्हणलं आणि त्याच्या ध्यानातनं गेलं. उघडं माळरान, वारं लई. गुलाल कुंपणावरून उडाला आणि त्या फोटोवर, त्या गड्याच्या बायकोच्या डोक्यावरच्या रुमालावर जाऊन बसला. त्यांना वाटलं, मरणावर नाचायलेत.

अर्ध्या तासात फोन आला. "आई, मारायलेत."

त्यांनी ट्रक घालून गेट पाडलं होतं. हातात लोखंडी पाइप. पत्र्याच्या खोल्यांची दारं फोडून एकेकाला केसाला धरून बाहेर ओढत होते. माझ्या पोरानं हात आडवा केला, तो कोपरात मोडला. दोस्ताच्या तोंडावर पाइप बसला, तो पडला, पडल्यावर बी मारलं. मला फोनात पत्रा वाजलेला ऐकू यायचा आणि कुणीतरी सारखं "भैया, मत मारो" म्हणायचं. मग ते म्हणायचं थांबलं.

"तू कुठं हायस?"

"सैपाकवाल्या बाईनं मटणाच्या थंड खोलीत लपवून बाहेरनं कडी लावलीय. घोड्याच्या मांडीमागं बसलोय."

"कुणाच्या?"

"घोड्याच्या, आई! हितं खातेत. बोलू नको आता."

दारावर पाइप आपटायला लागले. ती बाई त्यांच्या भाषेत किंचाळत होती. मी फोन कानाला लावून जमिनीवर डोकं आपटत होते, शेजारणींनी धरलं. पोलिसांच्या गाड्या येईपर्यंत ते दार टिकलं, एवढंच.

राग मी ओळखते. पंचवीस वर्षं परमुलखात ऊस तोडला. आम्ही स्वस्तात राबतो म्हणून एकदा तिथल्या मजुरांनी आमच्या पाचटाच्या कोप्या पेटवल्या, माझ्या नवऱ्याचं डोकं फोडलं. एवढं भोगून बी मी पोराला विचारलं नाही, बाबा, बाहेर कोण बसलंय?

दोघं परत आले. दोस्ताचा डावा डोळा गेला. पोरगं मला म्हणालं, "गुलालाचं तू सांगितलंतं हे कुणाला बोलू नको." दोन दिवस मी त्याचं ऐकलं. तिसऱ्या दिवशी एसटीनं घाटनांदूर गाठलं.

त्या दोस्ताची आई वसरीत ज्वारी निवडत होती. "या अक्का," म्हणाली. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. तिनं सूप बाजूला ठेवलं, उठली आणि माझ्या मुस्काडात मारली. दुसरी मारली. ओठ फुटला. मी हात वर केला नाही. तिनं झिंज्या धरल्या तसं तिचं पोरगं आतनं ओरडलं, "आई, सोड त्येंला! उधळला मी, त्या न्हाई!"

"तू गप बे!" ती म्हणाली. पण केस सोडले.

मला जा म्हणाली नाही, बस बी म्हणाली नाही. परतीच्या गाडीला वेळ होता. मी वसरीच्या कडेला टेकले, ती पोराची पट्टी बदलायला आत गेली.