जेठजी बाहेर बसले

"मूल आईकडे जात नाही. बंध दिसत नाही." तिसऱ्या भेटीनंतर रिपोर्टमध्ये हे मीच लिहिलं होतं. सोमवारी त्यावर बाल कल्याण समिती निर्णय घेणार होती. मुलांच्या बाबतीत या समितीला कोर्टासारखेच अधिकार असतात.

मी झाशीत समितीची सोशल वर्कर. मूल म्हणजे दीड वर्षाची गुड्डी. तिची आई रामकली मऊरानीपुरची, नवरा मजुरीला परराज्यात. रामकली तापाने बसस्टँडवर बेशुद्ध पडली. ती हॉस्पिटलात गेली, गुड्डी शिशुगृहात. आई बरी होईपर्यंत दोन महिने उलटले. मूल लगेच देत नाहीत. आधी आमच्यासमोर भेटी होतात आणि मूल कसं वागतं ते आम्ही लिहितो.

तिन्ही भेटींत गुड्डी आयाबाईंना बिलगून रडली. तिसऱ्या भेटीनंतर मी रिपोर्ट देऊन आले, तेव्हा तिला घेऊन येणारे तिचे जेठ रिक्षा बघायला गेले होते आणि रामकली दारात मला म्हणाली, "मैडम जी, मोड़ी हमें चीन्हत नइयाँ." मुलगी ओळखत नाही म्हणे! मी बघतच राहिले. घुंगट मागे सारलेला होता. तिचा चेहरा मीही पहिल्यांदाच पाहत होते.

जेठ म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ, आमच्या घरात अजून म्हणतात ते भासरे. त्यांच्यासमोर चेहरा उघडा ठेवायचा नाही, ही तिकडची रीत. ते बिचारे तिला गावाहून घेऊन यायचे आणि मीच त्यांना आग्रहाने आत खुर्ची द्यायचे. माझी मलाच लाज वाटली.

तशीच समितीच्या अध्यक्षांकडे गेले. "सर, रिपोर्ट गलत है। एक विज़िट और चाहिए।"

"साइन तो आपके हैं।"

"गलती भी मेरी है।"

त्यांनी चष्मा काढला. "सोमवार सुबह। बस एक।"

सोमवारी मी जेठजींना व्हरांड्यात बसवलं.

"काय, हमसें कछू गलती भई?"

"नहीं भैया, मुझसे हुई।"

दार लावलं. रामकलीने घुंगट काढला. गुड्डी रडता रडता थांबली. रामकलीने जवळ न जाता नुसते गाल फुगवले. गुड्डी दोन पावलं आली, थबकली, मग दोन्ही हातांनी तिने ते गाल फुस्सकन दाबले आणि खिदळली. घरचा जुना खेळ असणार. मला पुढचं लिहायला दिसेना.

दुपारी गुड्डी आईच्या कडेवर घरी गेली. दर महिन्याला मी जाऊन बघायचं, एवढीच अट.

माझा पहिला रिपोर्ट मी फाइलमध्येच ठेवलाय. आता भेटीचा फॉर्म भरताना मी आधी एक ओळ हाताने लिहिते: मुलाला आईचा चेहरा दिसत होता का?