सव्वीसचा आकडा

हातात मतदारयादी आली की सीताराम वडके चष्मा पुसायचे, लाल पेन्सिलीला टोक करायचे आणि नावांवर खुणा करायला बसायचे: आपल्या मताला बरोबर, न मिळणाऱ्या मताला फुली. कसबा पेठेतला त्यांचा हा तीस वर्षांचा नाद. नोकरी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात झाली, पण डोकं पेठेतच. धायरीला राहायला जाऊन कोण अजून इथेच मत देतं, तोंडावर ‘हो हो’ म्हणून कोण फिरतं, सगळं पाठ. निकालाआधी ते आकडा सांगत आणि तो सहसा चुकत नसे. निवडून आलेल्या नगरसेवकाला नसेल एवढा माज त्यांना त्या आकड्याचा होता.

यंदा त्यांच्या पक्षाने राज्यभर नवीन टूम काढली. महापालिकेचा उमेदवार वरून लादायचा नाही, प्रभागातल्या कार्यकर्त्यांनीच चिठ्ठ्या टाकून निवडायचा. कसब्यात कार्यकर्ते एकसष्ट. एकीकडे बिल्डरचा मुलगा विक्रम. दुसरीकडे सुनीती वडके, सीतारामांची बायको, जिने बावीस वर्षं अख्ख्या पेठेची रेशनकार्डं करून दिली होती.

सीतारामांचा पुतण्या योगेश खराडीला आयटीत. त्याच्या ऑफिसातल्या पोरांनी टेलिग्रामवर या निवडीवरच पैजांचा बाजार मांडला. सुनीतीचा भाव दहात सहा, म्हणजे दहात सहा वेळा तीच जिंकणार असा बाजाराचा अंदाज. पेठेतले अर्धे कार्यकर्ते तो ग्रुप दिवसभर उघडून बघत.

चिठ्ठ्या टाकायच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी योगेशचा फोन आला.

“काका, काकूंचा आकडा किती? खरं सांगा हं, बायको म्हणून वाढवू नका.”

हे शेवटचं वाक्य सीतारामांना झोंबलं.

“वाढवून सांगायला मी काय ज्योतिषी आहे? लिहून घे. सव्वीस.”

“म्हणजे काकू पडतात?”

“पडते.”

योगेशने आकडा ग्रुपवर टाकला आणि तासाभरात भाव तीनवर आला. खाली कुणीतरी लिहिलं होतं, ‘घरचा आकडा आहे!’

दुपारी सोजरबाई दारात आल्या. वीस वर्षं सुनीतीबरोबर घरोघरी फिरलेल्या.

“वहिनी, रागावू नका. पण पडणाऱ्याला चिठ्ठी देऊन विक्रमशेठशी वाकडं कोण घेणार?”

“मी पडणार हे कुणी सांगितलं?”

“तुमच्या ह्यांनीच की! नवराच म्हणतो, मग आम्ही काय बोलायचं?”

सुनीतीने आत बघितलं. सीताराम पेपर वाचत होते, एकच पान, बराच वेळ.

रविवारी शाळेच्या हॉलमध्ये चिठ्ठ्या मोजल्या. विक्रम पस्तीस. सुनीती सव्वीस.

“बघा! बरोबर सव्वीस!” सीताराम खुर्चीतून उठलेच. हसला फक्त विक्रम.

घरी येऊन चपला काढताना सुनीती म्हणाली.

“काल सकाळपर्यंत माझे तेहतीस होते.”

“कधीच नव्हते. सात जण तोंडदेखले होते, मी वजा केले.”

“ते सात तुमचा आकडा ऐकून गेले.”

“हे तुला काय माहीत?”

“मला माहीत नाही. पण तुम्हालाही आता कधी कळणार नाही. आकडा खरा होता, की तुमच्या तोंडातून निघाला म्हणून खरा झाला. बसा आता कुरवाळत.”

सीताराम म्हणाले, “माझी चिठ्ठी तुलाच होती.”

“त्या सव्वीसात?”

“हो.”

“मग माझे पंचवीसच, तुमची मी माझ्यात धरत नाही. तेवढंही चुकलात.”

आठवड्याने विक्रम पेढे घेऊन आला. “काका, झालं गेलं सोडा. यादी तुम्हीच करायची. तुमच्याशिवाय आहे कोण पेठेत?”

सीतारामांनी स्वयंपाकघराकडे पाहिलं. आतून आवाज आला, “करा की. पेढा खा आणि करा. फक्त या घरातलं एक मत वजा धरा.”

विक्रम मोठ्याने हसला. “काकू विनोदी आहेत!”

सीताराम हसले नाहीत. माणूस खरं कधी बोलतो, हे त्यांना तीस वर्षं कळत आलं होतं. त्यांनी चष्मा पुसला, पेन्सिलीला टोक केलं, ‘वडके सुनीती सीताराम’ या ओळीवर बोट ठेवलं, आणि सवयीने लाल फुली मारली.