तळघरातली राखणदारीण

संग्रहालयाच्या तळघरात जुने कपडे सांभाळणाऱ्या तिला सगळे घुबडबाई म्हणत. तीही हसण्यावारी न्यायची. ऊन रंग खातं, हे तिच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की घरीही जाड पडदे दिवसभर ओढलेले. तीन वर्षांच्या लेकीला बाहेर काढायचं तेही पायांपर्यंत गुंडाळून. पोरीची कांती किती जपलीय, असं शेजारणी म्हणाल्या की हिच्या अंगावर मूठभर मांस चढे.

मग जिन्यात काहीतरी व्हायला लागलं. तळघरातून वर येताना कुणीतरी मांड्या धरून मागे खेचतंय असं वाटे. वळून पाहावं, तर पांढऱ्या चादरींखाली बिनडोक्याचे पुतळे, दुसरं कुणी नाही. नवऱ्याला सांगितलं, तर त्याने "म्हातारी झालीस" म्हणून उडवून लावलं.

आणि एका सकाळी पोरगी जमिनीवरून उठेना. दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून कशीबशी उभी राहिली आणि दोन पावलांत मटकन बसली. आईच्या एकदम लक्षात आलं. तीही जिना अशीच चढत होती. म्हणजे ते तळघरातलं आपल्या पाठोपाठ घरात आलं! तिने खिडक्या लावून घेतल्या, फटींत चिंध्या कोंबल्या, लेकीला सगळ्यात आतल्या खोलीत हलवलं. पोरगी आणखीच मलूल झाली.

शेवटी सासूबाईंनी दोघींना दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, पोरीच्या पायांचे एक्स-रे काढले.

"दोघींचं व्हिटॅमिन डी अगदी तळाला गेलंय. हाडं मऊ पडलीत. घरात ऊन येतं का?"

"येऊ देत नाही हो. काहीतरी मागे लागलंय आमच्या."

"काही नाही लागलेलं, बाई. औषध देते, ते चुकवू नका. आणि हिला रोज थोडा वेळ उन्हात न्या."

"पाय सरळ होतील ना हिचे?"

"लहान आहे अजून. पुष्कळदा होतात. बघू या."

दुसऱ्या दिवशी तिने लेकीला उघड्या पायांनी अंगणात उभं केलं. पोरीने डोळे गच्च मिटले. आईने खाली पाहिलं. या पायांना तिने रोज न्हाऊ घातलं होतं, मोजे चढवले होते, पण सगळं अंधुक उजेडात. आता ते स्वच्छ दिसत होते. गुडघ्यांपाशी बाहेर वाकलेले, मधून हात सहज जाईल इतके. हे आपणच केलं, आणि तेही मायेने, हे तिला सहन होईना.

"आत, आई," पोरगी रडायला लागली. "आत ने ना."

तिचं काळीज तुटत होतं. तरी तिने लेकीला उन्हातच धरून ठेवलं.