अण्णांचा रंधा

मंडळी, आज जिंतूरला माहेरी आले होते. भाऊ आमच्या वडिलांची, अण्णांची, सुतारकामाची हत्यारं निवडत बसला होता. करवत, पटाशी ठेवून घेतली. लाकूड तासायचा जुना रंधा मात्र भंगारात टाकला.

"हातात बसतच न्हाई बघ, ताई."

मी उचलला. माझ्या डाव्या हाताचा अंगठा बरोबर झिजलेल्या खळगीत जाऊन बसला. मी डावखुरी.

"अण्णा डाव्यानंच रंधा मारायचे," भाऊ म्हणाला. "तुला म्हाईत न्हवतं?"

खरंच माहीत नव्हतं. आमच्यात पोरींना कामाच्या शेडमध्ये जाऊ देत नसत, आणि घरात अण्णा सगळं उजव्या हातानं करायचे.

लहानपणी मी डाव्या हातानं घास घेतला की आई चापट मारायची. अण्णा गुमान ताटाकडं बघत राहायचे. मला वाटायचं, तेही माझ्यावर चिडलेत.

आता एसटीत बसलेय, रंधा मांडीवर हाय.

तुमच्याकडं कुणाचं हत्यार पडून असेल, तर भंगारात घालायच्या आधी एकदा हातात धरून बघाल का? आधी उजव्या, मग डाव्या.