बिया वगळून

आठ महिन्यांच्या एका मुलीवर आणि तिच्या आईवर अन्याय झाला. थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या एका नीटनेटक्या घरात. पाठीच्या दुखापतीने मी तिशीतच पोलीस खात्यातून निवृत्त झाले, पण त्या घरातली शांतता अजून कानातून जात नाही.

तेव्हा मी नोकरीत होते. खबर दिली त्या घराशेजारच्या निवृत्त डॉक्टरकाकांनी.

"अगं, इथलं बाळ रडत नाही."

"काका, ही तक्रार आहे की कौतुक?"

"चेष्टा करू नकोस. दात येतायत, परवा लस टोचली, तरी हूं नाही की चूं नाही. जाऊन बघ."

गेले. मुलगी पाळण्यात, डोळे अर्धे उघडे. मी टाळी वाजवली. पापणी हलली नाही. दोन श्वासांमध्ये इतका वेळ जायचा की मीच श्वास धरून उभी. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. आई मात्र हसत म्हणाली, "फार शहाणी आहे हो आमची. त्रासच देत नाही."

मी ॲम्ब्युलन्स बोलावली. तिच्यात उतारा दिला तेव्हा मुलगी किंचाळली. हॉस्पिटलात रक्तात मॉर्फिन निघालं, म्हणजे अफूतलं द्रव्य. बालसंरक्षण विभागाने त्याच दुपारी मुलीचा ताबा घेतला. मॉर्फिन कुठून आलं हे कळलं नाही, तर आई तिला कायमची मुकणार होती.

चौकशीत माझ्या सहकाऱ्याने इंग्रजीत विचारलं: ओपियम? हेरॉइन? पेनकिलर? प्रत्येकाला "नो". झडतीतही काही नाही. तो म्हणाला, खोटं बोलतेय. मला पटेना. खोटं बोलणारा आधी स्वतःची सफाई देतो. ही एकच विचारत होती, "तिने दूध घेतलं का?"

मी मराठीत विचारलं, "ताई, तिला झोपवताना काय देता?"

"काय देणार? दूध. आणि खसखशीचं पाणी, आमच्याकडे देतात तसं."

"खसखस कुठली?"

"ऑनलाइन मागवली. 'अनवॉश्ड' लिहिलं होतं. मला वाटलं, ऑरगॅनिकसारखं काहीतरी. चांगलीच असेल ना?"

ती खसखस लॅबला पाठवली, उत्तर आलं. अफूच्या बोंडाच्या चिकाने माखलेलं बी, न धुता विकलेलं. आई सुटली, मुलगी घरी आली. मी विक्रेत्यामागे लागले, तर सरकारी वकील म्हणाले, "बियांना सूट आहे. केस टिकणार नाही."

कुणी दिली सूट? अफूचा व्यापार आवळायला देशोदेशीचे मुत्सद्दी आंतरराष्ट्रीय कराराच्या टेबलाभोवती बसले, शब्दाशब्दावर भांडले. चीक धरला, बोंड धरलं आणि लिहिलं, बिया वगळून. बीत अफू नसते म्हणे. खरंय! मग बीला चिकटलेला चीक कुणाच्या खाती? इथल्या कायद्यातही तीच सूट. त्या केसपासून मला एवढं कळलं की विष घरात शिरतं ते आपल्या ओळखीचं नाव घेऊन, आणि चौकशी मात्र परक्या नावाने होते.

तो विक्रेता आजही माल विकतोय. म्हणून हे वाचून हळहळू नका. बाळाच्या तोंडाला खसखस लावणं आजपासून बंद करा. आणि अमेरिकन काँग्रेसमधल्या तुमच्या सदस्याच्या ऑफिसला फोन लावून ठणकावून सांगा: न धुतलेल्या बियांची सूट काढा.