सहाव्या फर्म्यात मेलेले काका

आमच्या बांधणीखान्यात चाळीस बायका होत्या आणि प्रत्येकीला कादंबरीचा एकेकच फर्मा ठाऊक असायचा. छापखान्यातून सोळा-सोळा पानांचे ताव यायचे; असा एक ताव म्हणजे एक फर्मा. ज्या टेबलावर जो फर्मा, तोच दिवसभर हाडाच्या पट्टीनं दुमडायचा. हात कामात आणि डोळे मोकळे. वाचायची सक्त मनाई. सापडली की कायमची घरी. तरी वाचत नव्हती अशी एकही नव्हती, आणि नाही म्हणणारी खोटं बोलत होती.

केझाया पमरीचं काम निराळंच. लालभडक हातांची ही जाडजूड विधवा पांगळ्या बहिणीला पोसायची. जेवणाच्या सुट्टीत जिन्याखाली पाव आणि खारवलेला मासा खाताना ती एकेकीला विचारायची, "तुझ्यात काय झालं गं?" आमचे तुकडे जोडून ती अख्खी कादंबरी सांगायची. वाचनालयाची वर्गणी भरणाऱ्या बड्या बायकांच्या आधी शेवट आम्हाला कळायचा. त्याचा मला आजही माज आहे.

एका नाताळात एका कादंबरीच्या तिसऱ्या खंडावर घोळ झाला.

"माझ्यात सायलस काका वारले," नेल ट्विग म्हणाली.

"वारले कसले? माझ्यात पुतणीच्या लग्नात हॅम खातायत," मी म्हटलं. "दोनदा वाढून घेतलं."

"तू पानं उलटसुलट वाचली असशील."

"घडी घालून वाचली, बये. तुझा सहावा, माझा आठवा. गेलेला माणूस जेवायला परत येतो होय?"

केझायानं हातातला पाव खाली ठेवला. "मालकांना सांगायला हवं. सोमवारी खंड वाचनालयांत जाणार. आपल्या हातचं पुस्तक, आणि लोक हसायचे."

"वाचलं कुणी, विचारतील ना," नेल म्हणाली. " मग बहिणीला काय खायला घालशील?"

"मी वाचलं म्हणेन. तुमची नावं कशाला?" असं म्हणून ती वर गेलीसुद्धा.

हॅदरसेज मालक फार सोवळे; ते काढत त्या कौटुंबिक मासिकात त्यांनी लेकीबाळींसमोर वाचता येणार नाही अशी एक ओळ कधी छापली नव्हती. दोन्ही फर्मे हातात घेऊन ते खाली आले. केझाया मागून.

"दोन्ही तूच वाचलेस?"

"हो, साहेब."

"तुझ्या टेबलावर तर दुसराच फर्मा आहे."

आठवा फर्मा माझा, तरी मी मान खाली घालून बसले, आणि त्याची मला अजून लाज वाटते. तेवढ्यात मुकादमीण डॅबनीबाई पुढे आल्या. कामात नजर चुकली तर बोटांवर पट्टी मारणाऱ्या, त्या डॅबनीबाई.

"सहावा मी वाचला, साहेब."

"तुम्ही?"

"तपासताना नजर गेली. काका फार चांगले गेले. मी रडले."

मग नेल उठली, मी उठले, बघता बघता सगळ्या उभ्या. मालकांनी चाळीस जणींवरून नजर फिरवली. या सगळ्यांना हाकललं तर चुकीचं पान कापून त्या जागी नवं कोण चिकटवणार, हा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसला.

"बरं. मग लग्नात हॅम कुणी खायचं?" ते म्हणाले.

"काकांचा भाऊ आहे की," केझाया म्हणाली. "पाचव्या फर्म्यात येतो. पुढे बिचाऱ्याला कामच नाही."

लेखकाचा होकार आला, हॅम भावाच्या ताटात पडलं, आणि शनिवारपर्यंत आम्ही पानं कापून चिकटवत होतो. कुणाचीही नोकरी गेली नाही. मनाई उठली असंही कुणी म्हटलं नाही.

पुढच्या आठवड्यात नवी कादंबरी आली. सुट्टीत आमच्या गप्पा रंगल्या होत्या, तोच चहाचा पेला घेऊन डॅबनीबाई जिन्याखाली आल्या. आम्ही घाईनं पावाकडे वळलो. त्या केझायाशेजारी टेकल्या, पेल्यात बघत राहिल्या, आणि हळूच म्हणाल्या,

"पहिल्या फर्म्यात एक निनावी पत्र आलंय. कुणी पाठवलं असेल गं?"